आत काय आहे, सांगा

“स्क्रू तिरका चाललाय,” बाबा म्हणाले. “काढ आणि परत घाल.”

धाकटीने स्क्रू काढला. तिरकाच चालला होता. दाराला चौथे कुलूप बसवायचे म्हणजे लाकडात धड जागा उरलेली नव्हती. वरच्या तीन कुलपांनी आधीच दाराची चाळण करून ठेवली होती. बाबा तिच्या शेजारी उकिडवे बसून उरलेले स्क्रू तळहातावर सांभाळत होते आणि मागितला की एकेक देत होते. पंचेचाळीस वर्षे कुलपांत घालवलेला माणूस. हे कुलूप आपल्यालाच कोंडायला बसते आहे हे कळले असते, तरी त्यांनी स्क्रू तिरका जाऊ दिला नसता.

“घर कुणाचं हे?” त्यांनी विचारले.

“आहे एका गिऱ्हाइकाचं.”

“आतूनही किल्लीच लागते?”

“हो.”

“असं करू नका म्हणावं त्यांना. आग लागली तर आतल्या आत मरेल की माणूस.” त्यांनी पुढचा स्क्रू दिला. “चोराला बाहेर ठेवायला असतं कुलूप. माणसाला आत ठेवायला नाही.”

“सांगते,” धाकटी म्हणाली आणि खाली मान घालून स्क्रू आवळत राहिली. मान वर करायची लाज वाटली तिला.

काही सकाळी ती त्यांची मुलगी असे, काही सकाळी दुकानात नव्याने लागलेली पोरगी, आणि दिवस वाईट असला की कुणीतरी बाई. आज दुकानातली पोरगी होती. त्यातल्या त्यात बरे. स्वतःच्या मुलीशी बाबा कधी इतके नीट बोलले नव्हते.

चौकातले किल्ल्यांचे दुकान आता तीच चालवायची. सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर येऊन बसत, दुपारी धाकटी जेवायला येई, मग पुन्हा काकू. एवढी डोळ्यांत तेल घालून राखण, पण काकूंची पाच मिनिटे मान कलली किंवा धाकटी आंघोळीला गेली, की दार उघडे आणि बाबा गायब.

पहिले कुलूप त्यांनी चष्म्याच्या काडीने उघडले. मग तिने घरातली सगळी हत्यारे दुकानात नेली. दुसरे त्यांनी काट्याने उघडले. मग तिने काटे-चमचे कपाटात टाकले, कपाटाला कुलूप लावले आणि आपण काय करून बसलो हे लक्षात येताच डोक्याला हात लावला. तिसरे भारीतले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले होते की हे किल्लीशिवाय उघडून दाखवाच. बाबांनी चाळीस मिनिटांत उघडून दाखवले. आपल्या बापाचा अभिमान वाटून घ्यावा की भिंतीवर डोके आपटावे, हेच तिला कळेना.

पण त्या तिसऱ्या वेळी ते चार तास सापडले नाहीत. सापडले ते थोरल्या भावाला, उड्डाणपुलावर. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, आणि बाजूने ट्रक सुसाट चाललेले.

“रविवारी अकराला येतो,” थोरला फोनवर म्हणाला होता. “चौथं टिकलं तर ठीक. नाही टिकलं तर सोमवारी मी त्यांना तिकडे नेऊन ठेवणार. जागा धरून ठेवलीय मी.”

तिकडे म्हणजे गावाबाहेरची वृद्धांची संस्था. स्वच्छ, बाग वगैरे असलेली. दारे एका बटणावर उघडतात आणि ते बटण फक्त कर्मचाऱ्यांच्या टेबलाखाली असते.

“तिकडे त्यांना कोण ओळखतं?” धाकटी म्हणाली.

“इथे ते कुणाला ओळखतात?”

मग थोरला एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाला, “मला तो पूल दिसतो गं. डोळे मिटले की तोच दिसतो.”

तिने फोन ठेवला आणि दुकानात होते त्यातले सगळ्यांत जड कुलूप पिशवीत घातले. दुसरे काही तिच्या डोक्यात आलेच नाही. दुसऱ्या कुठल्या घरात कुणीतरी विचारले असते की अरे, हा माणूस दार उघडतो तरी कशासाठी? या घरात प्रश्न एकच निघे: कशाने उघडले? बाप कुलूपवाला, मुलगी कुलूपवाली, मुलगा कारकून झाला तरी वाढला दुकानाच्या फळीखाली. कुलूप उघडले गेले की त्याहून पक्के कुलूप आणायचे, एवढेच तिघांना ठाऊक.

गुरुवारी चौथे बसले. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शनिवारी बाबा खिडकीपाशी खाली बसून फरशीवर काहीतरी घासत होते. सर्र, सर्र. आता हे एक नवीन, असे म्हणून तिने दुर्लक्ष केले. शनिवारही सुखरूप गेला, आणि रात्री तिने बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवून घेतले.

रविवारी काकू त्यांच्या मुलीकडे गेल्या होत्या. साडेदहाला धाकटीने गॅसवर दूध ठेवले. थोरल्याला आल्या आल्या कॉफी लागते. दुधावर साय धरायला लागली तेवढ्यात तिला ऐकू आले: टक्. वरचे कुलूप. प्रत्येकाचा आवाज तिने झोपेतही ओळखला असता. लगेच दुसरे, जरा जड. मग तिसरे, या वेळी चाळीस मिनिटेही लागली नाहीत. ती हात पुसत बाहेर धावली, तोवर चौथेही उघडले होते.

आजवर तिने नेहमी उघडे दार आणि रिकामा जिना पाहिला होता. दार उघडल्यावर बाबा काय करतात, हे आज पहिल्यांदाच पाहत होती.

ते पळाले नाहीत. बाहेर गेले, दार अर्धवट ओढून घेतले, वळले, आणि दाराकडे पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात मागे बांधलेले. नजर जिन्याच्या खिडकीबाहेर. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखे.

ही पाठ धाकटीने ओळखली. आठ वर्षांची असताना हत्यारांची पिशवी छातीशी धरून ती याच पाठीजवळ उभी राहायची. किल्ली हरवलेल्या लोकांच्या दारांपुढे, सुट्टीच्या दिवशी, ऊन-पाऊस न बघता. बाबांचे दोन नियम होते. कुलूप उघडण्याआधी विचारायचे: घर तुमचेच कशावरून? आत काय आहे, सांगा. आणि कुलूप उघडले की उंबरा ओलांडायचा नाही, आत डोकावायचेही नाही. पाठ करून उभे राहायचे. मालक आत जाणार, फिरून बघणार, दारात येऊन म्हणणार, ‘सगळं जागच्या जागी आहे.’ हे ऐकल्याशिवाय काम संपत नसे. एकदा एक बाई आत गेल्या त्या फोनवरच बोलत बसल्या, तर बाबा वीस मिनिटे तसेच उभे. धाकटीचे पाय दुखायला लागले तेव्हा म्हणाले, कंटाळलीस तर पायरीवर बस, पण तोंड तिकडे करून बस.

म्हणजे इतके दिवस ते असेच उभे राहत होते. उघडायचे, वळायचे आणि वाट बघायची. आतून कुणी येत नसे. येणार कोण? काकू पेंगत असत, धाकटी नळाखाली असे. मग कधीतरी कंटाळून, मालक काही येत नाही म्हणून, आपली कामे पडली आहेत म्हणून ते जिना उतरून चालू लागत. दुकानाकडे किंवा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे. पुलापर्यंत.

तीन कुलपे, चार कुलपे, आणि हवे होते एक वाक्य.

“बाबा,” असे म्हणत ती बाहेर आली आणि त्यांच्या दंडाला हात लावला. जिन्याच्या खिडकीतून वारा आला. तिच्या मागे दार खाट्कन लागले.

ती चारही कुलपे किल्ली फिरवल्याशिवाय लागत नसत, पण जुने लॅच आपोआप लागे. किल्ल्यांचा जुडगा आत खिळ्यावर. फोन ओट्यावर. गॅसवर दूध. दुसरी किल्ली एकच, ती थोरल्याकडे, आणि थोरला अकराला येणार. कुलूपवाली स्वतःच्या घराबाहेर कोंडली गेली होती. हे गिऱ्हाइकांना कळले असते तर महिनाभर हसले असते.

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिले. अगदी परक्यासारखे, पण आदराने.

“काय झालं बाई? किल्ली हरवली?”

आजचा दिवस बाईचा होता.

“आत राहिली,” ती म्हणाली. “बाबा, तुमच्याकडे काय आहे? कशाने उघडलं तुम्ही? द्या ते इकडे.”

त्यांनी खिशातून काढून दाखवले. कपडे वाळत घालायच्या चिमट्यातली तार. सरळ केलेली आणि टोकाला फरशीवर घासून छान चपटी केलेली. सर्र, सर्र. तिने हात पुढे केला तशी त्यांनी मूठ मिटली.

“असं कसं देऊ? घर तुमचंच कशावरून?”

“माझंच आहे हो. गॅसवर दूध आहे!”

“सगळे असंच म्हणतात.” आवाज शांत, नियमातला. “आत काय आहे, सांगा.”

“काय असणार? पलंग आहे, टेबल आहे, पंखा आहे...”

“ते कुणाच्याही घरात असतं.”

दाराच्या फटीतून करपल्याचा वास यायला लागला होता. दूध उतू जाऊन गॅस विझला असला तर? नुसता गॅस सुटत असला तर? तार हिसकावून घ्यावी असे तिच्या मनात आलेही. पण हिसकावली असती तर ते आरडाओरडा करत जिना उतरले असते, हेही तिला माहीत होते. तिने श्वास घेतला.

“खिडकीपाशी एक खुर्ची आहे,” ती म्हणाली. “लाकडी. तिच्या डाव्या हातावर कानशीच्या खाचा आहेत. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथे बसून किल्ल्या घासायचे. आई ओरडायची, नव्या खुर्चीची वाट लावली म्हणून. मग त्या खाचांवर एक रुमाल पसरून ठेवायची. आई गेली, पण रुमाल आहे अजून. निळ्या काठाचा.”

बाबा लक्ष देऊन ऐकत होते.

“खुर्ची कुणाची?”

“माझ्या वडिलांची.”

“ते कुठे असतात?”

“इथेच.” तिने दाराकडे बोट केले. “घरातच असतात.”

“मग त्यांनी आतून का नाही उघडलं दार?”

खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता. बाबा थांबले होते. गिऱ्हाइकाला कधी घाई करायची नाही, हाही त्यांचाच नियम.

“त्यांना आताशा वाटतं, आपण दुसऱ्याच्या घरात आहोत,” ती म्हणाली. “दुसऱ्याच्या घरात ते कशाला हात लावत नाहीत.”

बाबांनी मान हलवली. “बरोबर आहे त्यांचं,” ते म्हणाले. “चांगला माणूस दिसतोय.”

मग त्यांनी तिच्या केसांकडे पाहिले आणि हात पुढे केला. “एक आकडा द्या.”

तिने केसांतला आकडा काढून दिला. ते गुडघ्यांवर बसले, आकडा वाकवून कुलपात घातला, मागून तार सरकवली. हात थरथरत होते. कुलपाला लागेपर्यंत थरथरत होते, लागल्यावर थांबले. कुलपातली पहिली पिन बसली, दुसरी बसली. तिसरीला आकडा निसटला आणि सगळे पुन्हा खाली आले. दुसऱ्यांदाही तसेच. त्यांच्या कपाळावर घाम आला. तारेकडे ते असे पाहू लागले, जणू ही काय वस्तू आपल्या हातात कुणी दिली.

धाकटी शेजारी बसली आणि तिने आकड्यावर बोट ठेवले. ताण तिचा, तार त्यांची. आठव्या वर्षी तिला पहिले काम हेच मिळाले होते.

“फार दाबू नका,” बाबा पुटपुटले.

“नाही दाबत.”

“हं. आता.”

टक्. दार हलले. बाबा उठले, तार पुसून खिशात ठेवली, वळले आणि हात मागे बांधून पाठमोरे उभे राहिले.

तिने आत जाऊन गॅस बंद केला. दूध ओट्यावरून खालपर्यंत ओघळले होते, भांडे काळेठिक्कर पडले होते. खिडक्या उघडल्या आणि ती दारात आली. ती पाठ तशीच होती. सदऱ्याचा एक टाका उसवलेला, मान जरा वाकलेली.

“सगळं जागच्या जागी आहे,” धाकटी म्हणाली.

पाठ सैल झाली. किती दिवसांनी, देव जाणे. बाबा वळले, त्यांच्या चेहऱ्यावर काम नीट झाल्याचे समाधान होते.

“बरं झालं,” ते म्हणाले. “येतो मग.” आणि जिन्याकडे निघाले.

“अहो, आत या ना.”

“आम्ही आत येत नाही, बाई.”

“माझे वडील एकटेच असतात,” ती घाईने म्हणाली. “कंटाळतात. त्यांच्या धंद्यातलं कुणी भेटलं नाही त्यांना बऱ्याच दिवसांत.”

बाबांचा पाय पायरीवर थांबला. “तेही कुलूपवाले?”

“पंचेचाळीस वर्षं.”

“मग हे आधी नाही का सांगायचं!” असे म्हणत ते परत फिरले. पायपुसण्यावर दोन्ही पाय नीट पुसले आणि स्वतःच्या घराचा उंबरा पाहुण्यासारखा ओलांडला.

तिने त्यांना खिडकीपाशी नेले. त्यांनी खुर्चीवरचा रुमाल एका बोटाने उचलला, खालच्या खाचा पाहिल्या, आणि रुमाल पुन्हा होता तसा सारखा केला.

“बसा,” ती म्हणाली.

“त्यांची खुर्ची आहे,” बाबा म्हणाले. “मी इथे बसतो.” आणि कोपऱ्यातले स्टूल ओढून ते रिकाम्या खुर्चीसमोर बसले.

थोरला आला तेव्हा दार सताड उघडे होते. हातात संस्थेच्या कागदांची फाइल. चारही कुलपांवर त्याची नजर फिरली आणि चेहरा पडला.

“उघडलंच ना शेवटी?”

“उघडलं,” धाकटी म्हणाली. “हळू बोल. ते वाट बघतायत.”

“कुणाची?”

“बाबांची.”

दारातच उभी राहून, हळू आवाजात तिने त्याला सगळे सांगितले. पाठ, तार, खुर्ची. तो ऐकत होता आणि मधूनमधून स्टुलाकडे बघत होता. बाबा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसले होते.

“तू दुकानात असलीस म्हणजे काय करायचं?”

“काकू आहेत. मी शिकवीन त्यांना. दाराशी जायचं, एक वाक्य म्हणायचं, आत बोलवायचं.”

“आणि एखाद दिवशी नाही आले आत? मग?”

उत्तर शोधायचा आवही तिने आणला नाही.

तेवढ्यात बाबा उठले. “चला,” ते दाराकडे येत म्हणाले, “निघतो मी. मालकांची भेट काही झाली नाही. परत कधीतरी.”

दारात थोरला उभा होता. तो आता बाबांचा दंड धरणार, नेहमीसारखा घट्ट, आणि मग झटापट होणार, हे धाकटीला दिसत होते. थोरल्याने हात उचललाही. मग तो खाली घेतला.

“बसा हो,” तो म्हणाला. “आमचे वडील येतीलच एवढ्यात. न भेटता गेलात तर रागावतील.”

बाबांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळले. “मुलगा का तुम्ही त्यांचे?”

“हो.”

“फार रागीट आहेत?”

थोरल्याने खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिले. “होते,” तो म्हणाला. “कुलपांच्या बाबतीत.”

“मग थांबतो,” बाबा म्हणाले. “अशा माणसाला भेटूनच जावं.” आणि परत जाऊन स्टुलावर बसले.

थोरल्याने फाइल चपलांच्या फळीवर टाकली, नाक पुसले आणि धाकटीपुढे हात केला. तिला आधी कळेना. मग तिने स्क्रूड्रायव्हर आणून दिला. तो चौथ्या कुलपापुढे उकिडवा बसला आणि ते काढायला पहिल्याच स्क्रूला भिडला.

“तिरका धरलायस,” स्टुलावरून बाबा म्हणाले.

थोरल्याने सरळ धरला.